गंजलेला सिलिंडर लगेच बदलू नका
बारामतीत नीरा डाव्या कालव्यालगत किंवा इंदापुरात उजनीच्या फुगवट्याकाठी विजेची मोटर बसली की जुनं डिझेल इंजिन शेडमध्ये पडून राहतं. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल हळूहळू खाली ओघळतं, पावसाळ्यात उघड्या व्हॉल्व्हमधून दमट हवा शिरते आणि बिडावर तांबूस थर चढतो. हेड उघडताच तो दिसला की लायनर बदलायची घाई होते. ही घाई बहुतेकदा अनाठायी असते, कारण वरवरचा गंज म्हणजे खड्डा नव्हे. इंजिन जाम असेल तर हँडलवर जोर करू नये, रिंगा तुटतात. सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल ओतून एक-दोन दिवस मुरू द्यावं. पिस्टन काढल्यावर तेलात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा.

यावर मिस्त्री म्हणतील, सरळ होनिंग करा. होनिंगने तेल धरणाऱ्या बारीक रेघा मिळतात, हे खरंच. पण त्यात धातूही झिजतो आणि खोल खड्डे जाईपर्यंत घासलं तर पिस्टन-रिंगांचा मेळ सुटतो. रिंगा फिरतात त्या पट्ट्यात नख अडकेल असा खड्डा असेल, तर मात्र नवा लायनरच हवा. शेवटी सिलिंडर साबण-पाण्याने धुवावा, कारण नुसत्या रॉकेलने घासकण रेघांतच राहतात. लगेच कोरडा पुसून तेल लावावं. पुढे इंजिन बंद ठेवताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील असं पाहावं.