फाल्गुनातला स्वेटर: नमुना कसा निवडायचा?



‘होळी जळाली, थंडी पळाली’ असं आपण म्हणतो. मग आता स्वेटर कशाला विणायचा, असं तुम्ही विचाराल. पण आमच्या निफाड-दिंडोरी भागातल्या बाईला विचारा. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षांची तोडणी चालते. ऊन तापायच्या आत माल क्रेटमध्ये पडायला हवा, म्हणून सकाळी लवकर बागेत उभं राहावं लागतं. त्या वेळी पानांवर दव असतं, बोटं आखडलेली असतात. नऊ वाजले की तीच बाई घामाने भिजते. या चार तासांसाठी जो स्वेटर लागतो तो डिसेंबरातला जाड स्वेटर नव्हे. हलका हवा, समोरून उघडणारा हवा, पटकन काढून कमरेला बांधता यायला हवा. पुढून बटणांचा असतो त्याला दुकानात कार्डिगन म्हणतात. हे नाव ब्रिटनमधल्या कार्डिगनच्या एका सरदारावरून पडलं, 1854 च्या क्रिमियाच्या लढाईतला तो. त्याला द्राक्षाची बाग काही माहीत नसणार, पण बटणपट्टीची सोय मात्र आपल्याच कामाची आहे.

गेल्या वर्षी आमच्या गटाने असे सहा स्वेटर विणायला घेतले. लोकरीसाठी गटाच्या बचतीतून पैसे काढले होते. नमुना निवडला तो चित्र बघून. पुस्तकात एक जाळीचं कार्डिगन होतं, पानापानांची वीण, पाऊण बाही, फार देखणं. सगळ्याजणी एकदम म्हणाल्या, हाच! मीही म्हणाले. सहापैकी एक शाळेतल्या बाईंनी घेतला, त्या अजून घालतात. एक इतका आखूड-घट्ट झाला की कोणालाच बसेना. बाकीचे चार बागेत गेले आणि आठ दिवसांत परत आले. मांडवाच्या तारेत जाळी अडकली, कात्रीच्या टोकाने धागा ओढला, एकीची तर अख्खी बाही उसवली. पैसे परत द्यावे लागले. बैठकीत त्या दिवशी कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

शेवटी आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, “बागेत बाया काय घालतात ते तरी बघितलं का आपण?” साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट. समोरून बटणं, मनगटापर्यंत बाही, गळ्याशी मोकळा. नमुना आमच्या डोळ्यांसमोर रोज हिंडत होता आणि आम्ही पुस्तकात शोधत होतो.

तेव्हापासून आम्ही नमुना उघडण्याआधी तो शर्ट मागून घेतो. जमिनीवर पसरून चार मापं घ्यायची: छातीचा घेर, खांद्यापासून उंची, बाही, मुंढा. अंगावर माप घेताना बाई पोट आत घेते, शर्ट घेत नाही!

आता वीण. अंगासाठी साधी वीण, म्हणजे एका ओळीत सुलट, परतीच्या ओळीत उलट. ही गुळगुळीत असते, तारेत अडकत नाही, लोकरही बेताची लागते. तिच्या कडा मात्र आत वळतात, म्हणून खाली, मनगटाला आणि बटणपट्टीला एक उलट एक सुलट अशी बॉर्डर हवीच. मनगटाची बॉर्डर आम्ही तीन इंच ठेवतो, म्हणजे बाही वर सारली की कोपराशी थांबते. वेणीची वीण शोभते, पण ती जाड होते, लोकर जास्त खाते आणि रुंदी आत ओढते. तितक्याच टाक्यांत स्वेटर लहान होतो. दोन्ही बाजूंनी नुसतं सुलट विणलं तर सोपं पडतं, पण तो लांबीला ओघळतो. जाळीची हौस असेल तर खांद्याजवळ छिद्रांच्या दोन ओळी घाला, तिथे तार लागत नाही. शाळेतल्या बाईंसारखं गिऱ्हाईक असेल, तर मात्र खुशाल पूर्ण जाळी करा. जाळी वाईट नाही, आम्ही ती चुकीच्या अंगावर घातली.

विणणारीचाही विचार करायचा असतो. नमुन्यात किती ओळींनी वीण पुन्हा पहिल्यापासून येते ते बघा. दोन किंवा चार ओळींची असेल तर भाकरी उलटायला उठलं, बाळ रडलं, दाराशी कोणी आलं, तरी परत येऊन हाताला आठवतं. बारा ओळींची असेल तर कागद लागतो, आणि कागद चुलीपाशी टिकत नाही. आमच्या पानापानांच्या जाळीत दर संध्याकाळी कोणाचा ना कोणाचा टाका कमी-जास्त व्हायचा. निम्मा वेळ उसवण्यात गेला.

तो घट्ट झालेला स्वेटर का झाला, ते सांगते, कारण ही चूक सगळ्यात महाग पडते. नमुन्यात लिहिलं होतं, एका इंचात सहा टाके. छाती 36 इंच, त्यात आतल्या कपड्यासाठी चार इंच मोकळीक, म्हणजे घेर 40. सहा गुणिले 40, 240 टाके. टाके बरोबर घातले होते. पण विणणाऱ्या मावशींचा हात घट्ट, त्यांचे इंचात सात टाके बसत होते. 240 ला सातने भागा: जेमतेम सव्वाचौतीस इंच. छातीपेक्षाही कमी! सैल हाताच्या बाईचे पाचच टाके बसले असते तर तोच स्वेटर 48 इंचांचा झाला असता.

म्हणून आधी तुकडा विणायचा. त्याच लोकरीने, त्याच सुईने, 36 टाके घालून पाच-सहा इंच उंचीचा. धुवून, वाळवून, मग मधल्या चार इंचांत किती टाके आहेत ते मोजा. कडेचे मोजू नका, ते वेडेवाकडे असतात. चार इंचांत 24 आले तर हात नमुन्यासारखा. जास्त आले तर जाड सुई घ्या, कमी आले तर बारीक. लक्षात ठेवा, आपल्याकडच्या दुकानात सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. नवीन पाकिटांवर कधी नुसते मिलिमीटर असतात, तिथे फसायला होतं.

गटात काम वाटून घेताना यातूनच एक गोष्ट आम्ही शिकलो. पाठ एकीने विणली तरी चालेल, बाह्या दुसरीने. पण दोन्ही पुढे एकाच हातचे आणि दोन्ही बाह्या एकाच हातच्या. नाहीतर बटणं लावताना एक बाजू अर्धा इंच खाली येते, आणि मग कितीही ओढा.

नमुन्यात कधी लिहिलेलं असतं, ‘आठच्या पटीत अधिक तीन’. घाबरू नका. पाठीला 120 टाके हवे असतील तर आठ पंधरे 120, त्यात तीन, असे 123 घाला. तीन टाक्यांनी अर्धाच इंच वाढतो.

लोकरीचं म्हणाल तर खऱ्या मेंढीच्या लोकरीचा स्वेटर कढत पाण्यात घुसळला की आटून घट्ट होतो. बागेतला कपडा सारखा धुवावा लागतो, त्यामुळे ती आपल्या उपयोगाची नाही. सुती धागा अंगाला गार लागतो, घाम टिपतो, पण जड असतो आणि लोंबतो. अ‍ॅक्रिलिक स्वस्त, धुवायला सोपं, आटत नाही. घाम मात्र टिपत नाही. आम्ही सूत आणि अ‍ॅक्रिलिक मिसळलेला धागा घेतो. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, वीण मरते. आणि ते घालून चुलीपुढे बसू नका. ते नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. घरात आलं की स्वेटर आधी खुंटीला, हे गिऱ्हाइकाला देतानाच सांगायचं. घेरदार बाहीचा नमुना आम्ही याच कारणाने घेत नाही. लोकर घेताना सगळ्या गुंड्यांच्या पट्टीवर रंगाचा एकच लॉट नंबर आहे ना ते बघा. पुढच्या आठवड्यात आणलेली गुंडी दुकानात तशीच दिसते, उन्हात बाही वेगळी दिसते.

गळा इंग्रजी ‘व्ही’चा ठेवा. डोक्याला रुमाल बांधून टोकं गळ्याशी आणली की गोल गळ्यात ती दाटतात. विणलेला खिसा नको, कात्रीच्या वजनाने तो लोंबतो. आतून कापडाचा शिवा.

ते परत आलेले चार आणि तो घट्ट झालेला, असे पाचही स्वेटर आम्ही उसवले. उसवलेली लोकर कुरळी होते. ती पाटाभोवती गुंडाळून लच्छी करायची, चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून, पिळून न काढता काठीवर सावलीत टांगायची. खाली एखादं हलकं वजन अडकवलं की धागा बराच सरळ होतो. त्या लोकरीतून साध्या विणीचे चार झाले, कारण तुटलेले धागे वाया गेले आणि साध्या विणीला जाळीपेक्षा लोकर जास्त लागते. चारही विकले गेले, लोकरीचे पैसे बचतीत परत पडले. मजुरी त्या वेळी कोणालाच मिळाली नाही. या वर्षी सात जणींनी आगाऊ पैसे देऊन मागणी नोंदवली आहे, त्यात गेल्या वर्षी स्वेटर परत केलेल्या दोघी आहेत.

मंगळवारच्या बैठकीला ज्यांना विणायचं आहे त्यांनी नऊ नंबरच्या सुया आणि घरातली कुठलीही उरलेली लोकर घेऊन या. तुकडे तिथेच विणू. आणि येताना एक जुना शर्ट आणा. घरी विचारून आणा, मागच्या वेळी एकींच्या घरी त्यावरून बरंच झालं!