बाप्तिस्मा नोंदवही संगणकावर आणताना

धर्मग्रामातील जुन्या बाप्तिस्मा नोंदवह्या संगणकावर उतरवून घ्याव्यात असा विचार ज्या कार्यालयांत चालू असेल, त्यांच्यासाठी व त्यांना साहाय्य करणाऱ्या तरुण संगणकतज्ज्ञांसाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. विवाहाच्या तयारीसाठी आलेल्या तरुणाला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो व तो वहीतील नोंदीवरूनच द्यावा लागतो. या नोंदीत काय असावे हे १९८३ च्या कॅनन लॉमधील कलम ८७७ सांगते : बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नाव, संस्कार देणारा, आईवडील, धर्ममातापिता, बाप्तिस्म्याचे स्थळ व दिनांक, तसेच जन्माचे स्थळ व दिनांक.

या कामासाठी आम्ही जँगो हे पायथन भाषेतील विनामूल्य फ्रेमवर्क निवडले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत ते आकारास आले व जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. (त्याचे नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून ठेवलेले आहे.) डेटाबेसमधील तक्त्यात कोणते रकाने हवेत याचे वर्णन ‘मॉडेल’मध्ये एकदा लिहिले की त्यावरून ‘मॉडेलफॉर्म’ हा भरावयाचा फॉर्म जवळजवळ आपोआप तयार होतो. नवख्या माणसाला हा चमत्कारच वाटतो, आणि तेथेच त्याची फसगत होते.

आमचीही झाली. आपोआप बनलेला फॉर्म बहुतेक रकाने सक्तीचे धरतो. जुन्या वहीत एखाद्या बालकाची जन्मतारीख नसे, तर कोठे अक्षरे वाळवीने खाल्लेली असत. फॉर्म पुढे जाऊ देईना, म्हणून आमच्या एका स्वयंसेवकाने निरागसपणे ‘१ जानेवारी’ लिहावयास सुरुवात केली. वहीत कधीच नसलेली तारीख अशा रीतीने संगणकात जन्मास आली. पुढे तीच दाखल्यावर उतरली असती आणि तिच्याखाली धर्मग्रामाचा शिक्का पडला असता. पडताळणी करताना एकाच दिवशी जन्मलेली इतकी बालके पाहून आम्ही चपापलो.

उपाय मॉडेलमध्येच करावा लागतो. ‘ब्लँक’ ही सूचना फॉर्मसाठी असते, तर ‘नल’ ही डेटाबेससाठी. तारखेच्या रकान्याला केवळ पहिली दिली, तर फॉर्म रिकामी तारीख स्वीकारतो, पण साठवताना डेटाबेस ती नाकारतो व पडद्यावर केवळ त्रुटी दिसते. म्हणून तारखेला दोन्ही सूचना द्याव्यात. शिवाय ‘वहीतील मूळ मजकूर’ असा एक मोकळा रकाना ठेवावा, म्हणजे ‘श्रावणात जन्म’ अशी नोंदही जशीच्या तशी राहते. आडनावांचेही तसेच आहे. एका वहीतील ‘लोपीस’ दुसरीत ‘लोपेस’ असतो. मूळ रूप सुधारू नये, शोधासाठी वेगळा रकाना करावा.

नियम किती कडक असावेत, हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. बाप्तिस्मा जन्माआधी होऊ शकत नाही, ही अट फॉर्मच्या ‘क्लीन’ या पद्धतीत सहज लिहिता येते. परंतु मूळ वहीतच चूक असेल तर? अट अढळ ठेवली, तर स्वयंसेवकाला पुन्हा खोटी तारीख लिहावी लागेल. आम्ही फॉर्मला ‘वहीत असेच लिहिले आहे’ हा खुणेचा चौकोन जोडला. खूण केली की नोंद स्वीकारली जाते व तपासणीच्या यादीत जाते. हा चौकोन हाताने जोडताना तो ऐच्छिक आहे असे स्पष्ट सांगावे लागते, अन्यथा प्रत्येक नोंदीला खूण करणे सक्तीचे होऊन बसते.

एक अट मात्र थेट डेटाबेसमध्येच हवी : एकच नोंद दोनदा येऊ नये. त्यासाठी वहीचा खंड, पान व पानावरील कितवी नोंद, या तिघांची जोडणी अद्वितीय ठरवावी. वहीतील अनुक्रमांकावर विसंबू नये, कारण लिहिणाऱ्याकडून तो चुकून दोनदा पडलेला असू शकतो. फॉर्म ही पडताळणी करतोच, पण दोन स्वयंसेवकांनी एकाच क्षणी कळ दाबली, तर दोघांचेही फॉर्म निर्दोष ठरतात. दुसऱ्याला थांबवतो तो डेटाबेस.

वहीच्या समासातील शेरे, विशेषतः दत्तकविधानासंबंधीचे, सर्वांनी पाहण्याजोगे नसतात. म्हणून फॉर्ममध्ये ‘सर्व रकाने’ असे न लिहिता हवे ते रकाने नावानिशी लिहावेत. पुढे कोणी मॉडेलमध्ये नवा रकाना वाढवला, तरी तो नकळत स्वयंसेवकाच्या पडद्यावर उमटत नाही. नोंद कोणी भरली हेही त्याला विचारू नये. ‘सेव्ह’ला ‘कमिट’ नको असे सांगून नोंद हाती घ्यावी, प्रवेश केलेल्याचे नाव तीत घालावे, मगच साठवावी.

रकान्यांची नावे ज्या क्रमाने लिहावीत, त्याच क्रमाने ते फॉर्मवर येतात. आम्ही तो क्रम वहीच्या पानाप्रमाणे, डावीकडून उजवीकडे ठेवला. त्यामुळे स्वयंसेवकाला एक बोट वहीच्या ओळीवर ठेवून दुसऱ्या हाताने टंकलेखन करता येते.