चढणीचे मासे आणि वाघाची हद्द

जूनचा पहिला दणक्या पाऊस झाला की जावळी, पाटण आणि शिराळ्याच्या डोंगरकडच्या वाड्यांत रात्री बॅटऱ्या बाहेर निघतात. ओढे गढूळ होऊन वाहू लागतात आणि पोटात गाभोळी धरलेले मासे खोल पाणी सोडून उलट्या धारेनं वर चढतात, ओढ्यांत आणि तिथून थेट भाताच्या खाचरांत. हे चढणीचे मासे. कोणी बांधाच्या तोंडाशी कामट्यांचा सापळा लावतो, कोणी बुट्टी धरतो, कोणी नुसत्या हातानं पकडतो. खेकडेही याच दिवसांत बिळं सोडतात. अंडी घालायला निघालेला मासा मारला तर पुढच्या साली नदीत काय उरणार, हे कुणाला कळत नाही असं नाही. तरी त्या रात्री घरी बसवत नाही.

एरवीची मासेमारी मात्र शांत आणि एकट्यादुकट्याची. कातकरी, भोई, कोळी कुटुंबं आणि धरणाकाठचे थोडीफार शेती असलेले शेतकरी ती करतात. संध्याकाळी तंगुसाचं जाळं पसरायचं, पहाटे उचलायचं. वाहत्या पाण्यात फेकजाळं, डोहात गांडूळ लावलेला गळ. होडी नसेल तर गाडीच्या टायरची फुगवलेली ट्यूबही चालते. मिळेल त्यातलं थोडं घरी, बाकीचं वाडीवर, आठवड्याच्या बाजारात किंवा बामणोली-तापोळ्याला येणाऱ्या पर्यटकांच्या खानावळीत.

कोयना महाबळेश्वरात उगवते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. वारणा सांगली-कोल्हापूरच्या शिवेवरून उतरून हरिपूरला कृष्णेत शिरते. दोन्ही नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत धरणं झाली. कोयनेचा शिवसागर १०५ टीएमसीचा, वारणेचा वसंतसागर ३४ टीएमसीचा. धरण झालं की नदीतला मासाही बदलतो. धारेला सरावलेल्या, दगडगोट्यांच्या तळाशी अंडी घालणाऱ्या जातींचा वरचा रस्ता भिंत अडवते. महसीर त्यांतलाच एक. १८३९ साली कर्नल साइक्सनं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून या माशाची शास्त्रीय नोंद केली. आज तो दख्खनच्या नद्यांतून बराच हटला आहे, आणि टाटा कंपनीनं लोणावळ्याच्या वळवण इथं त्याची पिल्लं तयार करून सोडायचं काम कित्येक वर्षं केलं आहे.

त्याच्या जागी आले ते संथ पाण्यातले मासे. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. बोटुकली सोडून ते जलाशयांत वाढवले गेले. चिलापी तर आफ्रिकेची. मरळ, वाम, शिंगाळा हे जुने रहिवासी अजून जाळ्यात येतात, पण वजन भरतं ते पाहुण्यांनी. मासेमाराला याची फारशी खंत नसते. कटला मोठा होतो आणि गिऱ्हाईक तो ओळखतं. अभ्यासकाला मात्र असते, कारण कोयनेत नोंदवलेल्या पन्नासहून अधिक जातींपैकी काही फक्त पश्चिम घाटातल्याच आहेत.

आणि मग जंगल. कोयना अभयारण्य आणि चांदोली ही दोन्ही जंगलं १९८५ पासून संरक्षित आहेत. २००४ मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. एकूण क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, त्यातलं सहाशे गाभ्याचं. २०१२ मध्ये दोन्ही जंगलं जागतिक वारसा यादीत गेली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडली गेली. शिवसागराचा पश्चिम काठ अभयारण्यात, वसंतसागराच्या भोवती राष्ट्रीय उद्यान. परवानगीशिवाय जंगलातून काही काढायचं नाही, असा वन्यजीव संरक्षण कायद्याचा दंडक आहे, आणि मासाही त्यात आलाच. जमिनीवर हद्द दाखवायला दगड रोवता येतो. पाण्यावर तो नसतो आणि रात्री पसरलेलं जाळं वाऱ्यानं सरकतं.

दुसरी हद्द ठेक्याची. जलाशयातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग सहकारी संस्थांना ठेक्यानं देतो. संस्थेचं सभासदत्व नसलेल्या माणसाला त्या पाण्यात जागा नसते. म्हणजे काठावरच्या कातकऱ्याचं जाळं एका कायद्यानं घुसखोरी ठरू शकतं आणि दुसऱ्यानं चोरी. त्याचं जाळं पाणमांजरही फाडतं, कृष्णेच्या सांगलीकडच्या पट्ट्यात तर मगरीही आहेत. पण त्यांच्याशी निदान कागदोपत्री झगडावं लागत नाही.

वनखात्याची बाजू खोटी नाही. गेळ्याची फळं आणि रामेठ्याची साल पाण्यात कुटून मासे भोवंडून धरायची रीत जुनी आहे. तिची जागा कीटकनाशकानं, स्फोटकानं, विजेच्या तारेनं घेतली की डोह मरतो, पिल्लासकट. स्फोट आणि विष यांवर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. पण संहाराची सगळी जबाबदारी वरच्या खोऱ्यातल्या जाळ्यावर टाकणं अन्यायाचं. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेत मासे मरून काठाला लागले आणि दोष दूषित सांडपाण्यावर आला. तिथं कुणाचा गळ नव्हता.

यातून वाट काढायचा प्रयत्न पेंच व्याघ्र प्रकल्पात झाला होता. तोतलाडोह जलाशयावर मध्य प्रदेश सरकारनं जंगलातून उठवलेल्या आदिवासींना ३०५ मासेमारी परवाने दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ मध्ये न्यायालयानं परवाने रद्द केले नाहीत, अटी घातल्या: फोटोचं ओळखपत्र, ठरलेली वाट, आग पेटवायची नाही, मासळीची नोंद. अशा अटी पाळून घेणं सोपं नाही, हे खरं. पण हक्क आणि बंधन एकाच कागदावर आले, हे सह्याद्रीत अजून व्हायचं आहे असं वाटतं.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यांतल्या माशांचा हक्क स्वच्छ लिहिला आहे, आणि तो अभयारण्यालाही लागू आहे. कातकरी अनुसूचित जमातीत मोडतात, त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. भोई भटक्या जमातीत, शेतकरी कुठल्याच जमातीत नाही, म्हणून त्या दोघांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा हवा. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. कोयनेचं धरण साठच्या दशकातलं. ज्यांची जुनी गावं त्याच पाण्याखाली गेली आणि ज्यांना सरकारनंच दुसरीकडे वसवलं, त्यांनी हा रहिवास कुठल्या तलाठ्याच्या दप्तरातून आणायचा, हा प्रश्न दावा भरायला बसलेल्या माणसापुढे पहिल्याच रकान्यात उभा राहतो.