हातात कागद, तोंडी संवाद

नाशिक हे नाटककारांचं गाव. वि. वा. शिरवाडकर आणि वसंत कानेटकर दोघेही इथंच राहून लिहीत. शिरवाडकरांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो, आणि शाळांमधून नाट्यप्रवेश होतात. हौसेनं होतात. पण मोठी भूमिका बहुधा त्यालाच मिळते ज्याला आधीच छान वाचता येतं. तोही पाठ करून कागद बाजूला ठेवतो. ज्याला वाचता येत नाही तो झाड होतो, नाहीतर भालदार.

मी सांगतोय ते पाठ न करण्याच्या नाटकाबद्दल. संहिता हातात धरून वर्गातच नाट्यवाचन करायचं. पडदा नाही, रंगरंगोटी नाही, चिकटवलेल्या मिशाही नाहीत.

त्याची गरज किती? ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेली निम्म्याहून अधिक मुलं वर्गात ओळखू येत नाहीत, कारण समूहवाचनात नुसते ओठ हलवले तरी भागतं.

वाचनाला ओघ यायचा तर तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. अमेरिकेतले अभ्यासक सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं. पण एकच धडा चौथ्यांदा वाचायला सांगा, मूल जांभया देतं. संवादाचं तसं नाही. आपली पाळी चुकू नये म्हणून ते स्वतःचं वाक्य दहादा घोकतं, शिवाय आधीच्याच्या ओळीवरही डोळा ठेवतं. ‘ये’ हा एवढासा शब्द रागानं म्हणायचा की लाडानं, हे मागची ओळ समजल्याशिवाय ठरत नाही. मुलाला अर्थ लागला की नाही, ते बाईंना तिथंच कळतं.

सुरुवातीला चिऊ-काऊची गोष्ट घ्यावी. चार-पाच मुलांचा गट पुरे. बाईंनी आधी एकदा स्वतः वाचून दाखवावं. कच्च्या वाचकाला चिऊ द्यावी. तिचं उत्तर दर वेळी थोडंसंच बदलतं. तिसऱ्या दिवशी भूमिकांची अदलाबदल मात्र करावीच. मूल अक्षरं वाचतंय की ऐकून म्हणतंय, हे त्यावरून कळतं. अक्षरओळखच नसेल, तर ती वेगळी करून घ्यावी लागते. ते काम नाट्यवाचनानं होत नाही.

आणखी एक. माझ्या घरची बोली दखनी. नाशिक जिल्ह्यातल्या वर्गांत दखनी, अहिराणी, कोकणा बोलणारी मुलं असतात, आणि पुस्तकातली मराठी त्यांना जरा परकीच वाटते. म्हणून सूत्रधार प्रमाण मराठीत ठेवावा, पण कावळ्याला खुशाल अहिराणी बोलू द्यावं. त्याची वाक्यं मुलांनीच सांगावीत, बाईंनी ती फळ्यावर उतरवावीत. आपल्या तोंडचा शब्द अक्षरात कसा बसतो, हे मूल डोळ्यांदेखत पाहतं. मग ती संहिता वहीत उतरवून घरी न्यायला द्यावी. आजीला वाचता येत नसलं, तरी कावळ्याचं बोलणं कुठं चुकलं ते ती नक्की सांगेल.