समोर असूनही न दिसणारी दुचाकी

‘भाऊ, लाइट चालू आहे!’ यवतमाळच्या दत्त चौकात भर दुपारी बोटं उघडमीट करून असं सुचवणारे अजूनही भेटतात. हेतू चांगला, पण समज चुकीचा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच लागतो आणि तो बंद करायचं बटणच नसतं. दिवसा तो लागतो तो इतरांना तुम्ही दिसावं म्हणून. बॅटरी उतरेल या भीतीने वेगळं बटण बसवून घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज होतच असते.

‘मला तो दिसतोय, म्हणजे त्याला मी दिसतोच’ हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो. नागपूर–तुळजापूर महामार्गावर बाजूच्या रस्त्याने ट्रॅक्टर येऊन थांबतो, चालक तुमच्याकडे बघतो आणि तरीही गाडी पुढे घालतो. नंतर ‘दिसलाच नाही’ म्हणताना तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच अंदाज आलेला नसतो. येणारं वाहन डोळ्यांत किती झपाट्याने मोठं होतं, यावरून आपण त्याचा वेग ताडतो. ट्रक लगेच मोठा दिसतो. दुचाकी अरुंद असते, त्यामुळे ती शेवटच्या क्षणापर्यंत लांब आणि हळू वाटते. शिवाय कारच्या काचेशेजारचा खांब अख्खी दुचाकी झाकू शकतो. म्हणून समोरच्याच्या नजरेवर विसंबू नका. त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. चाक हललं की ब्रेकवर बोटं हवीत.

वणीकडच्या कोळशाच्या ट्रकांना हे दुपटीने लागू आहे. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. ट्रकच्या डाव्या अंगाने घुसणं तर टाळाच.

फटफट वाजणाऱ्या सायलेन्सरने लोक सावध होतात, असं पोरं सांगतात. पण त्याचं तोंड मागे असतं, आणि पुढच्या केबिनच्या काचा बंद असतात.

फ्लोरोसंट जाकीट रात्रीही चमकतं, हेही खरं नाही. तो रंग दिवसाच्या उजेडावर चालतो. अंधारात प्रकाश परत फेकणारी रिफ्लेक्टिव्ह पट्टीच लागते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या २००४ सालच्या अभ्यासात रिफ्लेक्टिव्ह किंवा फ्लोरोसंट कपडे घालणाऱ्या दुचाकीस्वारांना अपघातात दुखापतीचा धोका ३७ टक्के कमी आढळला. काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट वापरणाऱ्यांना २४ टक्के.

‘गावातल्या गावात हेल्मेट कशाला?’ हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर जीव गेला. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते.

आता कापसाच्या हंगामात संध्याकाळी रस्ते भरतील. दुचाकीच्या मागे आणि हेल्मेटवर रिफ्लेक्टिव्ह पट्टी आजच चिकटवा. घरी ट्रॉली असेल, तर तिच्या मागेही लाल पट्टी लावा. तिच्यामागून येणारा कुणी दुचाकीवरच असेल.