पहारा कोण बदलणार? दिव्यांग मुलांच्या पालकांचा विसावा

आजचा विषय आहे रेस्पाइट केअर. आपण त्याला साधं ‘विसावा’ म्हणू. दिव्यांग मुलाची देखभाल काही तास, काही दिवस दुसऱ्या जाणत्या माणसाने सांभाळायची आणि त्या वेळात आईवडिलांनी झोप काढायची, स्वतःचं ऑपरेशन उरकायचं, एखादं लग्न गाठायचं. एवढीच ही कल्पना आहे.

फौजेत ती कुणाला समजावावी लागत नाही. पहारेकरी दर दोन तासांनी बदलतो. सियाचीनच्या चौकीवरचा जवानही ठरावीक मुदतीनंतर खाली येतो. तो कमकुवत आहे म्हणून नव्हे, थकलेला पहारेकरी चौकीलाच धोका असतो म्हणून. घरात मात्र एक आई सत्तावीस वर्षं एकटी पहाऱ्यावर असते आणि तिने दोन दिवस मागितले की नातेवाईक विचारतात, ‘लेकराला सोडून जाववतं तरी कसं?’

आमच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. वय सत्तावीस, वजन अठ्ठेचाळीस किलो. उचलणं, अंघोळ, भरवणं, रात्री दोनदा कूस बदलणं, सगळं आम्ही दोघं करतो. मी सीमेवर असताना माझी पत्नी एकटीने करायची. निवृत्तीनंतर आम्ही इंदूरला स्थायिक झालो. दोन वर्षांपूर्वी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. तेव्हा विसाव्याची खरी परीक्षा झाली.

पहिल्या संस्थेने फोनवरच विचारलं, ‘स्वतः जेवतो का? स्वतः शौचाला जातो का? फिट येतात का?’ उत्तरं ऐकून त्यांनी नकार दिला. म्हणजे ज्यांना मदत कमी लागते त्यांनाच जागा! दुसऱ्यांची अट होती किमान तीन महिन्यांची, पैसे आगाऊ. तिसऱ्यांनी घेतलं. आम्ही कागदावर लिहून दिलं होतं की पातळ पदार्थाने ठसका लागतो, डाळभात घट्ट कालवून, बसवून भरवावा. कागद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिला, भरवणारी मुलगी वेगळीच होती. चौथ्या दिवशी मुलगा ताप आणि खोकला घेऊन घरी आला.

मग घरी अटेंडंट ठेवला. माणूस सज्जन, पण आजवर फक्त म्हाताऱ्यांची सेवा केलेला आणि हिंदीभाषक. आमचा मुलगा मोजकेच शब्द बोलतो, तेही मराठी. तो ‘गाई, गाई’ म्हणाला की झोप आलेली असते. अटेंडंट त्याला खिडकीशी नेऊन गाय दाखवत बसला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी हे अनुभवलं असेल.

असं का होतं? संस्थाचालकांना दोष देऊन भागत नाही, हिशेब बघा. विसाव्यासाठी खाट रिकामी ठेवावी लागते, आणि रिकाम्या खाटेचे पैसे कोण देणार? कायमचा रहिवासी आला की ती भरून जाते. शिवाय चार दिवसांसाठी आलेलं मूल सांभाळायला जास्त तयार माणूस लागतो, कारण त्याच्या सवयी कुणालाच ठाऊक नसतात. पगार मात्र कमी, म्हणून माणसं टिकत नाहीत.

आता कायदा काय देतो ते पाहू. 1999 च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास, म्हणजे नॅशनल ट्रस्ट, स्थापन झाला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी तो काम करतो. त्याची ‘समर्थ’ योजना विसाव्याच्या निवासासाठी, तर ‘घरौंदा’ प्रौढांच्या कायम निवासासाठी आखली गेली. आता दोन्ही एकत्र चालवतात. ‘सहयोगी’ योजनेत देखभाल करणाऱ्यांना प्रशिक्षण मिळतं. तुमच्या जिल्ह्यात या योजनांची नोंदणीकृत संस्था आहे का, ते न्यासाच्या संकेतस्थळावर बघा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व आहे. त्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी देखभाल भत्त्याचा उल्लेख आहे आणि कलम 38 मध्ये तशा आधारासाठी अर्ज करण्याची तरतूद आहे. पण कलम 24 मध्येच ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असं लिहिलेलं आहे, त्यामुळे राज्याराज्यांत फरक पडतो. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत देखभाल करणाऱ्याला महिना 600 रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी आहे, पण देखभाल हे काम आहे एवढं तरी सरकारने मान्य केलं.

अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

एक, हँडिंग-ओव्हर कागदावर आणि हातावर, दोन्ही. एका पानात भरवणं, औषधं, फिट आल्यास काय करायचं, मुलाचे शब्द आणि त्यांचे अर्थ लिहा. ते पान व्यवस्थापकाला नव्हे, प्रत्यक्ष भरवणाऱ्याला द्या आणि एक जेवण तुमच्यासमोर भरवू द्या.

दोन, गरज पडण्याआधी सराव करा. आधी दोन तास, मग दिवसभर, मग एक रात्र. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शोधाशोध सुरू केली तर मिळेल ते पदरात घ्यावं लागतं.

तीन, संस्थेत रात्री जा. दिवसा सगळीकडे चहा मिळतो. रात्री किती मुलांमागे किती माणसं जागी असतात ते विचारा.

चार, मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. न्यासाच्या चार गटांतल्या मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा.

सध्या आम्ही चार कुटुंबं मिळून शनिवार वाटून घेतो. महिन्यातला एक शनिवार चारही मुलं आमच्याकडे, उरलेले तीन आम्ही मोकळे. मुलं आणि घरं ओळखीची झाली आहेत. हा संपूर्ण उपाय नाही, कारण आम्ही सगळेच साठीपुढचे आहोत. आमच्यानंतर या मुलांना दुसऱ्याच हातांनी जेवावं लागणार आहे. त्या हातांची सवय आम्ही असतानाच लागावी, हाही विसाव्याचा उपयोग आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा.

पुढच्या भागात स्थानिक स्तर समितीचा अर्ज कसा भरायचा ते पाहू. तुमच्या गावी विसाव्याची चांगली सोय असेल तर जरूर कळवा, इतरांना सांगता येईल. जय हिंद.