अल्कलाइन पाणी, रक्ताचा सामू आणि आजींचं इन्शुलिन

गेल्या वर्षावासात अकोले तालुक्यातल्या एका वस्तीत ग्रंथवाचनानंतर पाण्याचं यंत्र विकणारा एक जण आला. दोन ग्लासांत थेंब टाकले. साधं पाणी हिरवट झालं, यंत्राचं जांभळं. "शरीर आम्लधर्मी झालं की मधुमेह, कॅन्सर होतो. हे पाणी आम्ल मारतं." किंमत लाखाच्या घरात, हप्त्याची सोय आणि पुढे सभासद जोडले तर कमिशन. तो गेल्यावर एक आजी मला म्हणाल्या, "मग आता इन्शुलिन सोडू का रं?"

माती परीक्षणामुळे सामू हा शब्द आपल्याकडच्या शेतकऱ्याला माहीत आहे. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्क. आपल्या रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 एवढ्याच पट्ट्यात राहतो. तो राखतात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं. पेशींमध्ये तयार होणारा कार्बन डायऑक्साइड श्वासातून जातो, उरलेलं आम्ल लघवीतून. म्हणून खाण्यापिण्याने लघवीचा सामू बदलतो, रक्ताचा नाही. पट्टी लघवीत बुडवून 'शरीर आम्लधर्मी' ठरवणं ही चलाखी आहे. शिवाय प्यालेलं पाणी आधी जठरात जातं. तिथला सामू दोन-तीनच्या आसपास. यंत्राची करामत तिथेच संपते. (पित्ताची जळजळ ही जठरातल्या आम्लाची तक्रार. तिचा रक्ताच्या आम्लतेशी संबंध नाही.)

पालेभाज्या, रानभाज्या, नाचणी जरूर खा. त्या चांगल्या आहेत, पण कारण वेगळं: तंतू, खनिजं, जीवनसत्त्वं.

मग रक्त खरंच आम्ल होतं का? होतं, आणि तेव्हा जीव धोक्यात असतो. इन्शुलिन बंद पडलं की शरीर साखर वापरू शकत नाही, चरबी जाळतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं साठतात. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास ही त्याची लक्षणं. म्हणजे आम्लाच्या भीतीने आजींनी इन्शुलिन सोडलं असतं, तर खरं आम्ल त्यातूनच झालं असतं! जुलाबातही अल्क वाहून जातं. म्हणून ओआरएसच्या पुडीत एका लिटरसाठी 2.9 ग्रॅम सायट्रेट असतं. शरीर त्याचं अल्क बनवतं. सरकारी दवाखान्यात ही पुडी फुकट मिळते. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना डॉक्टर सोड्याच्या गोळ्या देतात, पण तपासणी करून, मोजून.

'अल्कलाइन आहार' जगभर गाजवणारा अमेरिकेतला रॉबर्ट यंग 2016 साली परवान्याशिवाय डॉक्टरकी केल्याबद्दल दोषी ठरला. 2018 मध्ये त्याच्या भरवशावर कॅन्सरचे उपचार टाळलेल्या एका महिलेला 10.5 कोटी डॉलर भरपाई देण्याचा निकाल ज्युरीने दिला.

कालाम सुत्त आपण विहारात वाचतो आणि बाहेर जांभळ्या रंगावर विश्वास ठेवतो, याचा मला राग येतो. बाबासाहेब स्वतः मधुमेहाने त्रस्त होते. आपल्या घराघरांत हा आजार आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनो, अशी विक्री विहारात होऊ देऊ नका. विक्रेत्याला विचारा: यंत्राने रक्ताचा सामू बदलल्याची तपासणी दाखवा.

आजींना मी एवढंच सांगितलं: सुई चुकवायची नाही, आजारी पडून जेवण गेलं तरी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि उलट्यांबरोबर श्वास फुलायला लागला तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करायचा.